सोळा किलोंचा हिवाळा

“अरे धरा त्याले, धरा कोणी! मुनीमजीची सायकल उलटी चालली!”

राजूर घाटात, पहिल्या वळणाच्या जरा वर, कडब्याच्या ट्रॅक्टरवरून एक माणूस बोंबलत होता आणि दुर्दैवानं तो खरं बोलत होता. मी अंगातला सगळा जोर पुढं लावत होतो आणि सायकल मला सन्मानानं मागं नेत होती. मागून मोताळ्याहून बुलढाण्याला निघालेली सकाळची एसटी येत होती. तिच्या ड्रायव्हरनं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. कापसाचा ट्रक रिव्हर्स घेतोय अशी समजूत करून त्यानं गाडी मुकाट्यानं कडेला लावली. ट्रॅक्टरवरून दोघं उड्या मारून धावले. एकानं कॅरियर धरलं, दुसऱ्यानं मला धरलं. कॅरियर धरणारा लवकर मोकळा झाला. मला धरणाऱ्याच्या खांद्याला पुढं महिनाभर मालिश करावी लागली असं गावात सांगतात. सांगायला सुरुवात मीच केली, तेव्हा ते खरंच असणार.

दिवाळी सरली, जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, की मला तो घाट आठवतो. यंदाही रांग लागली आहे. विजेच्या तारांवर, बाभळींवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर पांढरा कापूस चिकटलाय. मशीन सुरू झालं की सरकीचा तो तेलकट, ऊबदार वास अख्ख्या रस्त्यावर पसरतो, आणि ड्रायव्हर लोक शेकोटीला तळवे दाखवत बसतात. हे सगळं दरवर्षी येतं. त्याच्या जोडीला आता आणखी एक पीक येतं, त्याला ना पेरणी लागते ना पाणी. ते म्हणजे सायकलवाले.

या सायकलवाल्यांविषयी माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. दसऱ्यापर्यंत ही माणसं शेजारच्या किराणा दुकानातसुद्धा मोटारसायकलवर जातात. हवेत गारवा आला, की एकाएकी त्यांना हृदय असल्याचं आठवतं. मग बेडकासारख्या हिरव्या रंगाची, अंगाला चिकटलेली कापडं येतात. त्या कापडांतून माणसाचं जे जे दिसू नये ते सगळं दिसतं. डोक्यावर उलट्या द्रोणासारखं हेल्मेट. ढुंगणाखाली स्पंजचं वेगळं ढुंगण. सहा किलोमीटर जायचं, घाटाच्या पायथ्याशी सायकली आडव्या पाडून फोटो काढायचा, ग्रुपवर ‘सुप्रभात, आरोग्य हीच संपत्ती’ असं टाकायचं, आणि तिथल्याच गाड्यावर तीन तीन आलूबोंडे हाणायचे. आलूबोंड्यांचा फोटो मात्र कधीच ग्रुपवर आलेला मी पाहिला नाही. संक्रांतीपर्यंत निम्मे गळतात. होळीनंतर त्याच सायकलींवर घरचे पापड वाळत घालतात.

मी यांच्यात कसा गेलो? हौसेनं नाही गेलो.

मी मोताळ्याच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. बावीस वर्षं झाली. भरलेली गाडी काट्यावर चढते, मी वजन घेतो. कापूस रिकामा होतो, गाडी परत चढते, मी पुन्हा वजन घेतो. मधल्या वेळात मी बसलेला असतो. या बसण्यानं मी असा काही बहरलो, की माझ्या खुर्चीला हमाल लोक ‘सिंहासन’ म्हणायचे आणि दर दोन वर्षांनी सिंहाचा एक पाय मोडायचा. शर्टाचं कापड मला ताग्यानं लागे. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यापाशी थांबत नसत, मुक्कामच करत. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खात्यापित्या घरचा माणूस दिसतो, असंच लोक म्हणत. आमच्या भागात बारीक माणसाचीच चौकशी होते.

त्या सालात माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुमनताईच्या, दोन्ही किडन्या बसल्या. ताई गावातच राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. अर्ध्या तालुक्याचे पाढे तिनं पाठ करून घेतलेत. उरलेल्या अर्ध्याला तिनं निदान प्रयत्न म्हणून मारलंय. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी ती सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला जायची. दिवसाला मोजून मापून पाणी. एका लहान पेल्यावर तिनं नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली होती, त्या रेघेच्या वर पाणी जात नव्हतं. अंगावरचं मांस सुकत गेलं आणि पाय मात्र सुजत गेले. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या कुणाची तरी किडनी बसवली तर ही बाई शाळेत परत उभी राहील. भाऊजींना साखर. पोरीची तपासायलासुद्धा ताईनं नकार दिला. राहिलो मी. माझा रक्तगट जुळला, बाकी सगळं जुळलं. एवढ्या देहात साखर नाही, बीपी नाही, यावर डॉक्टरांचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यांनी दोनदा रक्त काढलं.

मग त्यांनी मला काट्यावर उभं केलं. एकशे सोळा.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. म्हणाले, इतक्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही, तुमच्याच जिवाला धोका. शंभराच्या आत या, मग बोलू. मी विचारलं, किती दिवसांत? त्यांनी माझ्याकडं न बघता ताईच्या कागदांकडं बघितलं आणि म्हणाले, होळीच्या आसपास आलात तर बरं.

तर त्या दिवशी घाटात मागं थांबलेल्या एसटीत, खिडकीजवळ, ताई बसलेली होती. मंगळवार होता. उलटं येणारं ते धूड आपला भाऊ आहे आणि त्याच्याच पोटात आपली किडनी आहे, हे तिनं चांगलं निरखून पाहिलं. मला पाहून तिनं काच लावून घेतली.

सायकल माझी नव्हती. मेडिकलवाल्या विलासची होती. विलास म्हणजे आमच्या सायकलवाल्यांचा म्होरक्या. त्यानं नवी गियरवाली घेतली तेव्हा जुनी गियरवाली मला उसनी दिली, आणि तिच्याबरोबर रोज दोन शेर उपदेश फुकट दिला. पाणी केव्हा प्यायचं, श्वास कोणत्या नाकपुडीनं घ्यायचा, मांडीच्या कोणत्या स्नायूला काय वाटलं पाहिजे. माझ्या मांडीला फक्त मरावं असं वाटत होतं. विलास म्हणायचा, “गजाननभाऊ, पहिले पंधरा दिवस त्रास होते, मंग शरीर स्वतःहून मागते.” माझ्या शरीरानं पुढच्या चार महिन्यांत अनेक गोष्टी मागितल्या. जिलबी मागितली, झोप मागितली, एकदा रिक्षा मागितली. सायकल एकदाही मागितली नाही.

ती गादी, जिला विलास ‘सॅडल’ म्हणायचा, केळीच्या पानाएवढी अरुंद होती. मी बसलो की ती कुठं जायची ते मला माहीत आहे, पण इथं लिहिता येत नाही. टायरांतून असा आवाज यायचा जणू कुणी मांजराला समजावून सांगतंय. कुत्री सुरुवातीला भुंकत मागं लागायची, पण चार दिवसांत त्यांनाही दया आली. मग ती नुसती शेजारून चालायची, आणि चालता चालता पुढं निघून जायची.

सायकल चालवणं मात्र आमच्या रस्त्यावर सर्वांत सोपं काम. अवघड काम आहे ते कुणी चालवू देणं. आमच्या वऱ्हाडात ओळखीचा माणूस रस्त्यानं आपल्या जिवावर चाललाय आणि तुम्ही गाडीवर आहात, तर त्याला न उचलता पुढं जाणं हे पाप आहे. पहाटेचं धुकं तुरीच्या पिवळ्या फुलांवर बसलेलं असायचं, हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवाचा, आंबेचा, वास नाकात शिरायचा, मला जरा कुठं दम सापडायचा, आणि मागून ट्रॅक्टर थांबायचा. काऊन मुनीमजी, गाडी बिघडली काय? मी सांगायचो की नाही, व्यायाम करून राह्यलो. ते हसायचे. असं कधी असतं काय. दोघं खाली उतरायचे, सायकल ट्रॉलीत टाकायचे, आणि तिघं मिळून मला. पहिल्या महिन्यात मी जेवढं अंतर सायकलवरून कापलं त्याच्या दुप्पट सायकलीसकट ट्रॉलीतून कापलं. शेणखताच्या ढिगावर बसून, थंडीत कुडकुडत, मी रोज फिट होऊन घरी यायचो.

त्यातून सुटलो तर शेतं होती. मोताळ्यापासून घाटापर्यंतच्या प्रत्येक शेतात माझ्या काट्यावरून गेलेला माणूस आहे. कुणी तुरीच्या शेंगा उकडत ठेवलेल्या, कुणी ज्वारीची कणसं आरावर घातलेली. हिरवी कणसं तडतडायला लागली की जो वास सुटतो त्यापुढं मोठमोठे ऋषी पाघळले असते, मी तर मुनीम. नाही म्हणावं तर तो अपमान. माहा हुरडा नाई चालत काय तुमाले? सरकारी लोकायचाच खाता काय? मग बसायचं. गरम हुरडा, त्यावर तिळाची चटणी, वरून गूळ. एका सकाळी मी सायकल घेऊन निघालो आणि घरी आलो तेव्हा निघालो होतो त्यापेक्षा जड होतो. हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. काट्याचा माणूस आहे, मला कळतं.

काट्याचा माणूस आहे, हेच तर.

पहिल्या दिवशी मी जिनिंगच्या काट्यावर उभा राहिलो होतो. ट्रकचा काटा, घरात दोन खोल्या निघतील एवढं पोलाद. आकडा आला एकशे वीस. दवाखान्यात एकशे सोळा, इथं एकशे वीस. मी मनात म्हटलं, असो, दवाखान्याचा काटा लहान, त्याला एवढं पेललं नसेल. महिन्यानंतर, थंडी चांगली चावायला लागली होती तेव्हा, एका सकाळी पुन्हा उभा राहिलो. एकशे दहा.

मी खाली उतरलो, परत चढलो. एकशे दहा. हमालांना बोलावलं. हमालांचे मुकादम रशीदभाई तेवढे आले नाहीत, कापसाच्या गाठीला पट्टी मारत बसले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथून सरळ ताईच्या घरी गेलो आणि अंगणातूनच सांगितलं की एका महिन्यात दहा किलो उतरवले. राहिले दहा. संक्रांतीच्या आधी शंभराच्या आत.

ताई ओट्यावर मेथी निवडत होती. माझ्याकडं बराच वेळ बघितलं तिनं. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई, तिला काही वाटलं असणार. पण माणसाला जे पाहिजे असतं ते दिसलं की तो दुसऱ्यांदा तपासत नाही, तीही चुकली. मेथीची जुडी तिनं बाजूला ठेवली आणि आत गेली. खाण्याची पथ्यं तिला, पण त्या दिवशी तिनं माझ्यासाठी पुरण घातलं. मी पाच पोळ्या खाल्ल्या. त्यांचं काय बिघडतंय, दहा किलोंची जागा झाली होती ना.

पुढच्या आठवड्यात तपासणीला संभाजीनगरला निघालो तेव्हा ताईच्या हातात एक निळी पिशवी होती. मी विचारलं, आजच परत येणार आहोत, पिशवी कशाला? ती म्हणाली, असू दे. बसमध्ये पिशवीची चेन अर्धी उघडी होती. आत दोन धुतलेली लुगडी, टॉवेल, चष्म्याचं घर, दंतमंजन, आणि रेघ नसलेला तिचा घरचा पितळी तांब्या. तांब्या कशाला, हे मी विचारलं नाही. डॉक्टरांनी ठेवून घेतलं तर लागेल म्हणून तिनं सगळं भरून आणलं होतं.

नर्सनं मला काट्यावर उभं केलं आणि मोठ्यानं वाचलं, एकशे चौदा पॉइंट दोन.

आता सांगतो. आमचा ट्रकचा काटा दहानं मोजतो. पाच किलोच्या वर असेल तर वरचा दहा दाखवतो, खाली असेल तर खालचा. एकशे सोळाचे एकशे वीस होतात, एकशे चौदाचे एकशे दहा. ट्रकला त्यानं काही फरक पडत नाही. हे मी बावीस वर्षं दररोज गाडीवाल्यांना समजावून सांगतोय. एखादा शेतकरी तीन चार किलोवरून माझ्याशी भांडला की मी त्याला किती तुच्छतेनं सांगायचो, बापू, काटा दहानं मोजते, शाळेत नाई गेले काय? तेव्हा मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्यावर उपकार करू नयेत. त्या सकाळी काट्यावर उभा असताना मला माहीत होतं. दुसऱ्यांदा चढलो तेव्हाही माहीत होतं. फक्त आकडा फार देखणा होता.

सायकलवाल्यांच्या आलूबोंड्यांना मी नावं ठेवतो ना? त्यांनी निदान आपल्याच पोटाला फसवलं.

परतीच्या बसमध्ये बसताच ताईनं पिशवीची चेन पूर्ण लावली. पिशवी मांडीवर. सिल्लोड गेलं, बुलढाणा आलं, घाट उतरला. रस्त्याच्या कडेला कापूस वेचून घरी निघालेल्या बायांच्या डोक्यावर पांढरी गाठोडी होती, आणि सूर्य असा लाल, गारठलेला. मी दोनदा तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आठवत नाही, खोटंच असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जिनिंगमध्ये आली. हमाल लोक उठून उभे राहिले, त्यांच्यातल्या तिघांना तिनं पहिलीत शिकवलं होतं. तिनं चपला काढल्या, जशा देवळात काढतात, आणि ट्रकच्या काट्यावर जाऊन मध्यभागी उभी राहिली. एवढ्या मोठ्या लोखंडावर ती बुजगावण्याएवढी दिसत होती. आकडा आला चाळीस. तिथूनच तिनं रशीदभाईला विचारलं, माझं खरं वजन चव्वेचाळीस आहे, हा चाळीस काऊन सांगतो?

रशीदभाई म्हणाले, “ताई, हा काटा दहानं मोजते.”

“याले माहीत होतं?”

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. वीस वर्षं आम्ही एका टपरीवर चहा पितो. मग त्यांनी जमिनीकडं बघितलं आणि म्हणाले, “यालेच त मालूम हाय. आमाले यानंच शिकवलं.”

ताई काट्यावरून उतरली. चपला घातल्या. माझ्या खिडकीपाशी येऊन थांबली, तेव्हा मला वाटलं आता छडी निघते.

“गज्या,” ती म्हणाली, “मी माहं पाणी रेघेनं मोजून पेते, अन् तू दहा किलोनं मोजतं. तुले द्यायची नसन किडनी तं नको देऊ. मी रागावणार नाई. पण मले आकडा खरा सांग. मले त्याच्यावर दिवस काढा लागते.”

आणि गेली. तिच्या चालीत रागसुद्धा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी रशीदभाईंनी माझा ताबा घेतला. कापूस दाबून जी गाठ बांधतात, तिचं वजन करायला आमच्याकडं एक वेगळा काटा आहे. तो शंभर ग्रॅमपर्यंत बोलतो. दर सोमवारी पहिली गाठ चढायच्या आधी मी त्याच्यावर चढायचो, आणि रशीदभाई गाठीचं वजन पुकारतात त्याच सुरात, फाटकाबाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल असं, माझं वजन पुकारायचे. एकशे बारा आठशे! मग रांगेतले गाडीवाले आपापसात चर्चा करायचे. कुणी म्हणायचं, ओल लागली असन. कुणी म्हणायचं, आतून सरकी नाई काढली. एक म्हातारा दर सोमवारी मुद्दाम गाडी आणायचा, कापूस असो की नसो. आणि पुकारा झाला की रशीदभाई आकडा एका चिठ्ठीवर लिहून ताईकडं पाठवायचे. माझ्या हातात देत नव्हते. बरोबरच होतं.

मग मी सायकल चालवली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि जे सांगतात ते खोटं बोलतात. निसर्गाशी एकरूप वगैरे मी झालो नाही. थंडीनं कान गळून पडतील असं वाटायचं, नाक वाहायचं, तुरीवर धुकं असायचं आणि मला ते दिसायचंसुद्धा नाही, मला पुढच्या चाकापुढचा हातभर रस्ता दिसायचा. ट्रॅक्टर थांबला की मी शिव्या द्यायचो. घाणेरड्या द्यायचो. आठवड्याभरात तालुक्यात बातमी पसरली की मुनीमजीच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि लोक लांबूनच जायला लागले. मोठी सोय झाली. हुरड्याला बोलावणाऱ्यांना मी सांगितलं की मला हुरड्यानं उलट्या होतात. एका शेतकऱ्यानं तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं, अजून बोलत नाही. घरी बायकोनं, मंदानं, माझ्यासमोर एक ज्वारीची भाकर आणि पालेभाजी ठेवायला सुरुवात केली आणि स्वतः स्वयंपाकघरात बसून जेवायला लागली. वास येऊ नये म्हणून दार लावून घ्यायची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझ्यावर इतकं प्रेम तिनं आधी कधी केलं नव्हतं.

पौषात एकशे सात. माघात एकशे तीन. पॅन्टला मी सुतळी बांधायला लागलो. विलासचा ग्रुप तोवर गळाला होता. विलास स्वतः मान आखडली म्हणून गळ्याला पट्टा बांधून मेडिकलमध्ये बसायचा आणि तिथून मला श्वास कसा घ्यायचा ते सांगायचा.

मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र मी वेळ साधून घाटात असायचो. सकाळची एसटी मागून यायची, घरघरत, धूर सोडत, आणि मी पाठ ताठ करायचो. आधी पहिल्या वळणाला तिनं मला गाठलं, पुढच्या आठवड्यांत दुसऱ्या, मग तिसऱ्या. खिडकीत ताई असायची. हात करायची नाही. फक्त कोणतं वळण आहे ते बघायची. मला ठाऊक आहे, कारण तिच्या पोरीनं नंतर सांगितलं, की बुलढाण्याला चार तास त्या मशीनला जोडलेली असताना ती म्हणायची, आज चवथ्याच्या वर होता.

माघ संपता संपता एका शुक्रवारी मी वर पोचलो. आधी पोचलो, एसटी मागून आली. वर कठड्यावर बसलो होतो, तोंडाला फेस, डोळ्यांपुढं काजवे. लोक म्हणतात वरून खालचा मुलूख फार सुंदर दिसतो, शेतांचे चौकोन, दूरवर सातपुड्याची रेघ. मला धुकं दिसलं आणि त्यात माझीच ओकारी. एसटी पुढून गेली. ताईनं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. तेवढंच.

होळीच्या आधीच्या सोमवारी रशीदभाईंनी गाठीच्या काट्यावर आकडा बघितला. पुकारला नाही. चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मला खाली उतरवून परत चढवलं. रांगेतले गाडीवाले पुढं सरकले. मग नव्व्याण्णव सातशे असं त्यांनी हळूच म्हटलं, जसं कानात सांगावं. तो म्हातारा गाडीवाला म्हणाला, आता तुमचा भाव पडला मुनीमजी. चिठ्ठी घेऊन रशीदभाई त्या दिवशी स्वतः ताईकडं गेले.

पुढचं सगळं दवाखान्याचं आहे, आणि दवाखान्यांना माझ्यासारख्यानं फार जागा देऊ नये. त्यांच्या काट्यावर नव्व्याण्णव भरलो. किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर ताईनं सांगितलं की भाऊ आपल्या मर्जीनं देतोय. तिथल्या मॅडमनी मला विचारलं, दबाव आहे का कुणाचा? मी म्हटलं, आहे, सगळ्या मोताळा तालुक्याचा. हे लिहून घेऊ नका असं ताईनं त्यांना सांगितलं.

चैत्रात ऑपरेशन झालं. मला पाच दिवसांनी सोडलं, पण मी गावी गेलो नाही. जवळच एका खोलीत राहिलो आणि टाक्यांवर हात धरून, नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा, रोज दवाखान्यात जायचो. ताईला काचेच्या खोलीत ठेवलं होतं, आत जाऊ देत नव्हते. काचेतून ती झोपलेली दिसायची, तोंडावर मास्क, बाजूला नळ्या. ती किडनी तिच्यात रुजली की नाही हे डॉक्टर सांगायचे, पण डॉक्टर जे सांगतात ते मी ऐकत नव्हतो. मी तिच्या पायांकडं बघायचो. पायांची सूज उतरत होती. गोऱ्या पायांवर घोट्याची हाडं दिसायला लागली होती, जशी लहानपणी शेतात पाण्याच्या दांडात पाय सोडून बसायची तेव्हा दिसायची.

नवव्या दिवशी तिच्या नळ्या काढल्या आणि मला मास्क, टोपी, पायांत पिशव्या घालून पाच मिनिटं आत सोडलं. ती पलंगावर उठून बसली होती, पाय खाली सोडून.

आता मी बोलणारा माणूस. साडेचार महिने मी हे भाषण तयार करत होतो, घाटाच्या प्रत्येक वळणावर त्यात एक वाक्य घातलं होतं. मी पलंगाच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलो आणि सुरू केलं. म्हटलं, ताई, तू आयुष्यात मला कधी शाबास म्हटलं नाही, सातचा पाढा चुकला म्हणून दारात उभं केलंस, ते मी विसरलो. पण आता तुझ्या पोटात जे आहे ते राजूर घाट चढलेलं आहे, लक्षात ठेव. त्यानं चार महिने एक भाकर खाल्लीय. त्याच्यासाठी मी हुरडा सोडला, जिलबी सोडली, एका माणसाची मैत्री सोडली. खोटं बोलायचंसुद्धा सोडलं, काही दिवस. बाई, जगात कुणी बहिणीसाठी पृथ्वीला सायकलवरून अर्धा वेढा घातला असेल तर तो मी. काहीतरी बोल.

ती ऐकत होती. मास्कवरून तिचे डोळे माझ्यावर होते, पण त्या डोळ्यांत ती दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीकडं लक्ष देत होती, जसं भिंतीपलीकडून कुणी हाक मारतंय का ते माणूस कान देऊन ऐकतो. वर्षभर त्या बाईच्या अंगातून पाण्याचा थेंब आपल्या वाटेनं बाहेर पडला नव्हता. जे पडायचं ते मशीन ओढून काढायचं. तिनं दोन्ही तळवे गादीवर टेकवले आणि हळूहळू उभी राहिली.

“बाजूले सरक,” ती म्हणाली. “मले लघवीले जा लागते.”